लहान मापाचा शर्ट

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराच्या उत्तर भागात गोळी लागून पोरगं गेलं की फुलांच्या आधी शर्टांची ऑर्डर जाते. छातीवर गेलेल्याचा फोटो, पाठीवर जन्म-मृत्यूच्या तारखा, आणि तेच अंगात घालून मित्रमंडळी दफनाला येतात. ही रीत कुणी पाडली कोण जाणे, पण आता ती न पाळणारा दगडाच्या काळजाचा ठरतो. ओडेसा टॉलिव्हर अशाच शर्टांच्या दुकानात छपाई करायची. पोरांचे चेहरे गरम यंत्राखाली दाबून दाबून तिचं मन निबर झालं होतं. नाहीतर ते काम करणार कोण?

त्या गुरुवारी टॅव्हॉन ऑर्डर घेऊन आला. विशीतला, बोलायला गोड, मोठ्या बायकांना मानानं 'मिस' म्हणणारा. त्याचा मित्र डेमेट्रिक पलीकडच्या गल्लीतल्या पोरांच्या गोळीला बळी पडला होता.

"मिस ओडेसा, सगळे मोठ्या मापाचे करा. एक तेवढा लहान टाका."

"लहान कुणाला रे?"

"आहे एक नवा गडी आमच्यात," तो हसून म्हणाला.

ओडेसानं पुढे विचारलं नाही. फार विचारायचं नाही, हीच तिथली वहिवाट.

संध्याकाळी घरी आली तर तिचा चौदा वर्षांचा जार्वेल अंडी तळत होता. वर्गाबाहेर कुणाला तरी ढकललं म्हणून शाळेनं त्याला दोन आठवडे घरी बसवलं होतं. शाळेला काय, सुंठीवाचून खोकला गेला. पण आई दिवसभर कामावर, घर रिकामं, आणि गल्लीला काही सुट्टी नसते. शाळेचं दार लागलं की पोरगं कुणाच्या दारात जाऊन उभं राहतं, हे त्या शिक्षा ठोठावणाऱ्यांनी एकदा तरी येऊन बघावं.

"आई, हा फोटो बघ." जार्वेलनं फोन तिच्यापुढे धरला. "समजा कधी लागलाच, तर माझ्या शर्टावर हा टाक. शाळेच्या फोटोत माझे कान सुपाएवढे दिसतात."

ओडेसानं फोन बाजूला सारला. "कशाला लागेल रे?"

"असंच गं. सगळ्यांनी निवडून ठेवलेत."

"जार्वेल, टॅव्हॉननं आज सांगितलेला तो लहान शर्ट तुझा आहे का?"

पोरगं तव्याकडे वळलं. तिनं गॅस बंद केला आणि त्याला समोर बसवलं. आधी "काही नाही", मग "सोड ना", असं करत करत सगळं बाहेर आलं. शनिवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की टॅव्हॉनची गाडी पलीकडच्या गल्लीत जाणार होती, आणि पिस्तूल जार्वेलच्या हातात असणार होतं.

"टॅव्हॉन म्हणतो, लहानाला कोर्ट लवकर सोडतं," जार्वेल खाली बघत म्हणाला. "त्यांनी मला रोज जेवायला घातलं, आई. दिवसभर काय केलंस म्हणून विचारलं. आता नाही कसं म्हणू? मला भीती वाटते गं."

ओडेसाची तर पाचावर धारण बसली. पोलिसांना सांगावं तर ते आधी तिच्याच पोराला उचलणार. गप्प बसावं तर पोरगं खुनी होणार, नाहीतर स्वतःच शर्टावर जाणार. आणि टॅव्हॉनला कळलं तर खिडकीतून गोळी आत यायला कितीसा वेळ? इकडे आड, तिकडे विहीर. तिनं पडदे ओढले, दाराला कपाट लावलं. बाहेर एखादी गाडी जराशी हळू झाली की ती श्वास धरून बसायची.

शुक्रवारी ती कामावर गेली नाही. पोराला सोबत घेऊन थेट डेमेट्रिकच्या आईकडे, रोशेलकडे गेली. स्वयंपाकघरात चर्चच्या बायका भेटायला येणाऱ्यांसाठी मासे तळत होत्या. ओडेसानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. रोशेल ऐकत राहिली. डोळ्यांतलं पाणी केव्हाच आटलं होतं.

तेवढ्यात सांत्वनाला म्हणून टॅव्हॉनच दारात आला.

"ये बाबा," रोशेल म्हणाली. "माझ्या लेकाचा बदला घ्यायचाय ना तुला? पिस्तूल तुझं, गाडी तुझी. मग तूच का नाही जात? हे मिसरूड न फुटलेलं पोर कशाला पुढे करतोस?"

टॅव्हॉनची नजर खाली गेली. "असंच असतं, मिस रोशेल. मलाही याच वयात..." तो दाराकडे वळला. जाताना मात्र तो ओडेसाच्या कानाशी म्हणाला, "तुम्ही हे बरं नाही केलंत."

शनिवारी चर्चमध्ये जार्वेल दोन बायकांच्या मध्ये बसला होता. प्रार्थना संपवून सगळे पायऱ्यांवर आले, तर समोर टॅव्हॉनची गाडी, इंजिन चालू. ओडेसानं लेकाची कॉलर मुठीत धरली. पण गाडीतल्या कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना गरजच नव्हती. मागच्या सीटवर दुसरंच एक पोरगं बसलं होतं, जार्वेलहूनही लहान.

सुटलो बाई, हेच ओडेसाच्या मनात आधी आलं. खोटं कशाला बोला? कुठल्याही आईच्या मनात तेच येईल. आणि लगेच तिला स्वतःची किळस आली.

ती पायऱ्या उतरली आणि गाडीपुढे जाऊन उभी राहिली.

"बाजूला व्हा, मिस ओडेसा," टॅव्हॉन म्हणाला. "तुमचं पोर तुमच्याकडे आहे ना?"

"हेही दे."

"तुमचं कोण लागतं ते?"

"कुणी नाही. दार उघड."

टॅव्हॉननं गाडी पुढे रेटली. पुढचा पत्रा तिच्या गुडघ्यांना टेकला. तिनं डोळे मिटून घेतले, पण हलली नाही. मग शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं तिला जाणवलं. रोशेल होती. तिच्यामागून मासे तळणाऱ्या त्या सगळ्या बायका आल्या. टॅव्हॉननं बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि मग मागचं दार उघडलं.

पोरगं खाली उतरलं.

"आई कुठंय तुझी?" ओडेसानं विचारलं.

"कामावर."

"आणि शाळा?"

"काढलंय."

"किती दिवस झाले?"

"माहीत नाही," ते म्हणालं. "कुणी विचारलंच नाही."