लाल वायर कुठे जाते

बाईंचा भाऊ दारातच उभा राहिला, आत आला नाही. गाडीची चावी बोटावर गरागरा फिरवत होता. बाईंनी रेडिओ काउंटरवर ठेवला, आधी दम खाल्ला, मग बोलायला लागल्या. सेट त्यांच्या वडिलांचा. भावाला नुसतं खोकं हवंय, आतलं सगळं उपसून त्यात ब्लूटूथ स्पीकर बसवायचाय. दोघं सुताराकडेच निघाले होते, आमची पाटी दिसल्यावर बाईंनी गाडी थांबवायला लावली. इथे वाजला तर ठेवायचा, नाही वाजला तर सुतार. असं गाडीत ठरलं होतं, म्हणजे भांडून ठरलं होतं.

शाळा सोडल्यापासून मी मामाच्या ह्या दुकानात असते. जुने सेट बरेच पाहिलेत, हा नव्हता पाहिला. पुढे कंपनीचं नाव नाही, मागची पट्टी उखडलेली, काचेवर नुसत्या रेघा. मागून चार वायरी लोंबत होत्या. एक लाल, एक काळी, आणि दोन इतक्या मळक्या की रंगच सांगता येईना.

मामाला काउंटरवर येणारी प्रत्येक वस्तू पुसायची असते. घड्याळ असो, इस्त्री असो. आतले चार व्हॉल्व्ह, म्हणजे बोटाएवढ्या काचेच्या नळ्या, काढून त्याने स्पिरिटच्या फडक्याने लख्ख केले आणि बाईंना अगदी डॉक्टरसारखं समजावलं. हा बॅटरीचा सेट. ह्याला दोन बॅटऱ्या लागतात. छोटी दीड व्होल्टची, व्हॉल्व्हमधली तार तापवायला, आणि मोठी नव्वदची. चुकून मोठी छोटीच्या जागी लागली तर चारही व्हॉल्व्ह एका फटक्यात खलास. आणि हे व्हॉल्व्ह आता कुठेच मिळत नाहीत. कुठली वायर कुठल्या बॅटरीची ते व्हॉल्व्हच्या काचेवर छापलेल्या नंबरावरून काढता येतं, म्हणून त्याने एक उचलून उजेडात धरला.

काच कोरी. नंबर फडक्यावर आले होते.

मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यानेही पाहिलं. पण गिऱ्हाईकासमोर मामा चुकत नसतो. व्हॉल्व्ह परत बसवले, नऊ व्होल्टचे दहा सेल एकाला एक जोडले आणि म्हणाला, लाल म्हणजे मोठीचा प्लस, सगळीकडे तेच असतं.

मी मागून आत डोकावले. बाकी तिन्ही वायरींवर सुताचं वेष्टण, आणि ही लाल प्लॅस्टिकची, गुळगुळीत. नंतर कुणीतरी घरात पडलेला तुकडा जोडलेला. तिच्या रंगावर काय भरवसा? मी हळूच सांगितलं. मामा म्हणाला, सेलांच्या वायरीचा चिमटा दे. मी परत सांगितलं, जरा मोठ्याने.

"फटाकडे, तुला कुणी विचारलंय?"

दारातून भाऊ हसला. "जळू द्या हो. सुताराचं काम वाचेल."

 बाई काउंटरचा काठ धरून उभ्या. माझं डोकं सणकलं. मामाचा हात लाल वायरीकडे निघाला होता, मी मधेच चिमटा हिसकावला. नव्वदचा झटका बसला, कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, पण सोडला नाही.

"मीटर लाव आधी," मी म्हटलं.

"मीटरनेही जळते ती तार. केसासारखी असते."

हे त्याचं बरोबर होतं. म्हणून मग मी व्हॉल्व्हच काढले, एकेक, आणि त्यातला एक तोंडाजवळ नेऊन हाः केलं. आरशावर बोटाने लिहिलेलं पुसलं तरी वाफ धरली की परत दिसतं ना, तसं. काच धुरकटली आणि त्यात नंबर उमटला. वाचेपर्यंत गेला.

मामा जवळ सरकला. "परत कर."

परत केलं. ह्या वेळी त्याने वाचला. डोळे मिटले, ओठ हलले.

"एक आणि सात," म्हणाला. "तारेच्या पिना. पहिली आणि सातवी."

मीटरचं एक टोक मी व्हॉल्व्हच्या रिकाम्या खोबणीत सातव्या भोकात धरलं, दुसरं त्याने लाल वायरीला लावलं. काटा पार उजवीकडे गेला, म्हणजे जोड थेट. लाल छोटीची. काळी पण छोटीची. मोठीच्या होत्या त्या दोन मळक्या, त्यातली सेटच्या आतल्या पत्र्याला जोडलेली मायनस. बाईंनी विचारलं, म्हणजे मघाशी लावली असती तर? मामा म्हणाला, नाही लावली ना.

व्हॉल्व्ह बसवून त्यानेच जोडणी केली. मी बटण फिरवलं.

काही नाही. चावीचा खुळखुळाट तेवढा ऐकू येत होता. मामाने मान वाकडी करून आत पाहिलं.  मग पीठ चाळल्यासारखी खरखर आली. मी स्टेशनचा काटा अगदी हळू सरकवला, एक रेघ, दुसरी रेघ, आणि तिसरीच्या अलीकडे एक माणूस वाऱ्याचा अंदाज वाचत होता. खूप लांबून, पण एकेक शब्द कळत होता.

भाऊ आत आला. स्पीकरच्या कापडाला कान लावून वाकला. "एकच स्टेशन लागतं का?"

"सुताराला फोन लाव, येत नाही म्हणून सांग," बाई म्हणाल्या.

"करतो गं, घरी जाऊन."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. मामाने रेडिओचा आवाज थोडा कमी केला, म्हणजे फोनवरचं सगळ्यांना नीट ऐकू यावं.