त्या दुपारची जास्तीची ऊब

मित्रांनो, मी एक जुनी, बोटभर लांबीची कांडी आहे. पॅलेडियम नावाच्या धातूची. एके काळी चांदीची बहीण शोभेन अशी दिसायचे. आता काळवंडले आहे.

भट्टीत वितळून, साच्यात थिजून मी एका प्रयोगशाळेत आले. तिथे दोघी बहिणी काम करत. थोरली ताई, धाकटी चिमणी. जड पाण्याच्या भांड्यात उभं राहायचं आणि विजेमुळे त्या पाण्यातून सुटणारा जड हायड्रोजन पोटात साठवायचा, हे माझं काम. त्याचे अणू माझ्या आत दाटीवाटीने एकजीव होतील आणि सूर्यासारखी ऊर्जा भट्टीविना देतील, अशी ताईला आशा होती.

एका दुपारी पाणी दिलेल्या विजेच्या मानाने जास्तच तापलं. ताईने चिमणीला मिठीच मारली. वर्तमानपत्रांत माझा फोटो आला. मी फुगून गेले. तशीही वायू शोषला की मी थोडी फुगतेच!

मग घोळ सुरू झाला. पाणी क्वचितच असं जास्तीचं तापे, बहुतेकदा नाही. इतर प्रयोगशाळांतल्या कांड्या तर ढिम्म.

"त्यांच्या जड पाण्यात साधं पाणी मिसळलं असेल," ताई म्हणाली. "नाहीतर कांड्यांना चिरा असतील. वायू टिकणार कसा?"

चिमणी चाचरत म्हणाली, "ताई, आपण पाणी ढवळलंच नव्हतं गं. थर्मामीटर नेमका गरम थरात असेल तर?"

"म्हणजे मी जगाला थापा मारल्या?"

दोघींनी एकमेकींशी अबोला धरला. शेवटी ताईनेच ढवळणी बसवली. पाणी जास्तीचं तापलं नाही. पण तोवर मलाही चिरा पडल्या होत्या. मग कारण ढवळणं की चिरा? कुणालाच सांगता येईना.

मला मुठीत धरून ताई भरल्या सभागृहात उभी राहिली. "ती ऊब खरी होती की मोजण्यातली चूक, मला माहीत नाही. मी घाई केली."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. चिमणी उठली आणि ताईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आता मी कपाटात पडून आहे. मीही गोंधळलेलीच आहे. वीज वाहिली की मी तापायचेच. त्यातलं जास्तीचं कुठलं, कसं ओळखू?

पण मित्रांनो, 'माहीत नाही' म्हणताना ताईच्या मुठीला फुटलेला घाम मी अनुभवला आहे. असं म्हणणाऱ्या माणसाला कधी हसू नका.