किती झालं तरी त्यांचाच

अनिल सकाळी सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळायला लागला, तेव्हाच मी ओळखलं, यानं काहीतरी घाण करून ठेवलीय.

"वासिफ, लोचा झालाय. शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकायचं ते डिस्पॅचच्या ग्रुपवर गेलं. लगेच डिलीट मारलं, पण ओवेसनं स्क्रीनशॉट काढून एचआरला दिला."

"टाकलंस काय?"

"अरे, आमच्या अस्मीच्या शाळेच्या चार्टचा फोटो. खाली दोन ओळी मराठीत. साधं रे! मॅडम तुलाच बोलावणार, मराठी वाचणारा दुसरा आहे कोण इथं? सांभाळून घे. हेमाला बोललो नाहीये अजून. व्हिसा गेला तर पोरीची दहावी मधेच बोंबलेल."

चार्ट मला चांगला माहीत होता. निम्मा मीच करून घेतला होता, इथं आखातात, अल बर्शाच्या त्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. विषय होता, इस्लाम कसा पसरला. अस्मीनं विचारलं, "काका, वॉज इट ट्रेड ऑर वॉर?" मी म्हटलं, दोन्ही गं बाई. पोरीशी खोटं कशाला बोलू? अरबस्तानातून निघालेल्या फौजांनी पार स्पेनपासून सिंधपर्यंत राज्य उभं केलं, ते काय अत्तर शिंपडून? पण आमच्या दाभोळला गलबतं यायची ती घोडे आणि खजूर घेऊन. वारा फिरेपर्यंत खलाशी अडकून पडायचे आणि तिथल्याच मुलींशी निकाह लावायचे. आमच्याकडे धर्म आधी आला, सुलतान मागाहून. अस्मीनं नकाशावर दाभोळला लाल टिकली चिकटवली आणि मी एवढा मोठा घोडा, माझे डोळे भरून आले.

तासाभरात बोलावणं आलंच. रास अल खोरच्या आमच्या मसाल्याच्या गोदामात एचआरची केबिन तेवढी थंडगार. सुमैय्या मॅडम कराचीच्या, देवनागरी त्यांना येत नाही. ओवेस बिहारचा. त्यानं 'तलवार' एवढा शब्द त्यांना वाचून दाखवला होता. बाकीची मराठी त्यालाही झेपली नव्हती.

"पढ़िए," मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "एक-एक लफ़्ज़ बताइए."

मी वाचलं. 'बघा, इथं आपल्या पोरांना काय शिकवतात! म्हणे धर्म व्यापारानं पसरला. तलवार गिळून ढेकरही दिला नाही. हे सगळं पोरीच्या डोक्यात भरवलं आमच्या ऑफिसातल्या एका कोकण्यानं. गोड बोलतो, गणपतीत घरी येऊन मोदक खातो. पण किती झालं तरी त्यांचाच.'

मोदक! अरे, हेमावहिनी "भावजी, अजून एक घ्या" म्हणून स्वतःच्या हातानं वाढतात, आणि हा शहाणा समोर बसून माझे घास मोजत होता? आणि तलवार गिळली म्हणे! पोरीला फौजांचं सांगितलं कोणी, याच्या बापानं?

धर्मावरून वेडंवाकडं लिहिलं की इथं नोकरी जातेच, वर पोलीस. माझं एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं, खोटं कशाला बोलू. मग टिकली लावणारी अस्मी आठवली. तिनं काय घोडं मारलं होतं कुणाचं?

"मॅडम, बेटी के चार्ट की तारीफ़ है," मी म्हणालो. "लिखा है, ऑफिस के दोस्त ने मदद की. वो दोस्त घर आकर मोदक खाता है."

"और तलवार?"

"चार्ट पे तलवार की तस्वीर रह गई, यही बोल रहा है."

मॅडम स्क्रीन फिरवून म्हणाल्या, "तुम इंडियन लोग एक-दूसरे को ख़ूब बचाते हो. ख़ैर. ख़लास. लेकिन कल कुछ और निकला, तो आप भी जाओगे."

म्हणजे इथंही मी त्यांचाच. दोन्हीकडचे 'ते' वेगळे, एवढाच काय तो फरक.

दुपारी डबा खायला बसलो तर अनिल नाचतच आला. "मानलं तुला, यार! तुमच्या लोकांत तुझ्या शब्दाला वजन आहे म्हणून वाचलो."

"माझ्या लोकांत?" माझा आवाज चढला. "ती कराचीची बाई माझी नातेवाईक लागते? मी तुझ्यासाठी खोटं बोललो, अनिल. ती शेवटची ओळ वाचल्यावर बोललो."

त्याचा चेहरा पडला. वाटलं, आता तरी हा सॉरी म्हणेल. माझा हात धरून तो कळवळून म्हणाला, "वासिफ, शप्पथ, ते मनावर घेऊ नकोस. असं ग्रुपवर लिहावं लागतं रे. आणि तू वेगळा आहेस. खरं सांगू? तू त्यांच्यातला वाटतच नाहीस!"

एवढं मनापासून बोलला तो. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. त्याच्या लेखी माझं याहून मोठं कौतुक नव्हतंच.

मी हात सोडवून घेतला आणि डब्याचं झाकण लावलं.

"अनिलभाई," मी म्हणालो, "आज के बाद मुझसे हिंदी में बात करना."