जिन्याचा खालचा खांब

"आधी लाकूड ओल्या फडक्याने पूस, मग गोंद लाव, आणि क्लॅम्पचा शिकंजा असा आवळ की मनगट दुखलं पाहिजे. हा गोंद फुगतो. पण फुगला म्हणजे चिकटला असं समजू नकोस." मामंजी सुतार होते. घरात काही मोडलं की एवढं सांगून मगच हत्यार हातात देत. ते गेले, पण बाटली फळीवर असते आणि गोंद लावताना आवाज कानात असतोच.

त्या दिवशी सकाळचं वाचन आटोपून जिना झाडायला घेतला, तर कठड्याच्या खालच्या खांबाशी उतू जाऊन वाळलेल्या दुधासारखा पिवळट फेस. कुणीतरी गोंद लावला होता. आणि सांगितलं नव्हतं. आमच्याकडे थोरले दीर साधा बल्ब बदलला तरी दोन दिवस ऐकवतात.

या वेळी गप्प, म्हणून मला त्यांचाच संशय आला. सासूबाईंची खोली वरच्या मजल्यावर. मागे एकदा त्या जिन्यात पडल्या, तेव्हा भाऊजींनी बजावलं होतं, "आई, पुन्हा पडलीस तर वृद्धाश्रम. जागा बघून ठेवली आहे मी." सासूबाई म्हणाल्या, "या घरातून मी आडवीच जाईन." त्यानंतर एकदा भाऊजी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन याच खांबाशी वाकलेले दिसले. काय करताय विचारलं, तर म्हणाले, "काही नाही, बघतोय." ते 'बघतोय' माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. आईंनी पडावं म्हणून खांब सैल केला, आणि मग घाबरून चिकटवला?

कुणाविषयी वाईट बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. बोलले नाहीच. पण मनाला कुठला नेम?

हा गोंद हाताला लागला की साबणाने जात नाही. बोटं काळपट तपकिरी होतात, कातडी झडेपर्यंत तशीच राहतात. म्हणून चहा देताना मी भाऊजींची बोटं न्याहाळली. स्वच्छ होती.

"काय गं, भविष्य सांगायला लागलीस की काय?"

मी बशी पुढे सरकवली.

"मलाही एक विचारायचं होतं," ते कप ठेवत म्हणाले. "जिन्याला गोंद तू लावलास ना? तुझा नवरा तर परगावी आहे. मग चोरून कशाला? काय लपवते आहेस?"

"मी नाही लावला. मला वाटलं, तुम्ही."

"मी फक्त स्क्रू आवळले होते. खांब घट्ट होता तेव्हा." त्यांना पटलेलं दिसलं नाही. मी नजर खाली घेतली नाही. मग ते कामावर निघून गेले.

मी खांब हलवला. डुगडुगला. सुरीने फेस खरवडला, तर आत नुसती पोकळ जाळी, पकड नाहीच. लाकडावर मात्र ओल्या फडक्याचा डाग होता. म्हणजे करणाऱ्याला मामंजींची शिकवण पाठ होती. भाऊजींनी तर बापाचं एक अक्षर कधी ऐकलं नव्हतं. क्लॅम्प पायरीखाली पडला होता, जबडा अर्धवट उघडा. कुणीतरी आणला, पण आवळला नाही. की आवळता आला नाही?

तेव्हा आठवलं. सासूबाई कालपासून कप डाव्या हाताने धरतात, आणि इतक्या उकाड्यात अंगावर शाल.

मी वर गेले. "आई, उजवा हात दाखवा."

"मी काय शाळेत आहे?"

"दाखवा ना."

शाल बाजूला झाली. मनगट सुजलेलं, बोटांची टोकं तपकिरी.

"पडले नाही गं. बसले. जरा जोरात बसले, एवढंच. कठडा धरला, तर तोच माझ्याबरोबर आला." त्या हसल्या, मग हसू विरलं. "ह्यांनी शिकवलं तसंच सगळं केलं. शेवटी आवळायला हातच चालेना. त्याला सांगू नकोस. तो मला पाठवून देईल."

"मी आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलवणार नाही मला."

"ठाऊक आहे. तुझे नेम मला महागात पडणार." त्यांनी सुजलेलं मनगट मांडीवर टेकवलं. "तुझ्यावर संशय घेतोय का तो?"

"घेऊ दे."

"घेऊ दे काय! मी चूक करायची आणि ऐकून तू घ्यायचंस?" हात पुढे केला. "पट्टी बांध आधी. मग तो खांब नीट कर. तो आला की मीच सांगते. शब्द आहे माझा."

"आणि पाठवतो म्हणाले तर?"

"तर भांडेन. पण लपवाछपवी पुरे."

मी पट्टी बांधली. जुना गोंद पार खरवडला, लाकूड ओलं केलं, नवा लावला आणि क्लॅम्प सगळी ताकद लावून आवळला. संध्याकाळी खाली दार वाजलं, भाऊजींचे बूट काढल्याचा आवाज आला. सासूबाईंनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. गोंद अजून वाळायचा होता, कठडा धरायचा नव्हता. मी आधाराला पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. डावा तळवा भिंतीला टेकवला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.