तयार पोरी

‘या मुलींचे खेळाचे तास तुम्ही गिळलेत,’ असं धनलक्ष्मीनं पाठाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलं, मग पान टरकावलं आणि बोळा करून ट्रॅकसूटच्या खिशात कोंबला. फक्कीचा डबा उचलून ती खो-खोचे चौकोन आखायला लागली.

आज परीक्षेचा पाठ होता. बघायला बाहेरचे परीक्षक येणार. यात नापास म्हणजे बी.पी.एड.चं वर्ष गेलं, आणि वळसंगला घरी दुसऱ्याच दिवशी स्थळं बघायला सुरुवात.

तिच्या कॉलेजचे मृत्युंजय सर सायकल स्टँडकडून लगबगीनं आले.

“संघातल्या पोरी कुटं हायत?”

“नववी ब आणलीय, सर.”

“येडी का काय तू? त्यांनी कधी खो दिलाय का?”

“न्हाय. म्हणून तर शिकवायचंय की.”

सरांनी कपाळ चोळलं. रीत ठरलेली होती. परीक्षेच्या पाठाला संघातल्या तयार पोरी बसवायच्या. त्यांनी दहा मिनिटं काहीच न येण्याचं सोंग करायचं, मग एकदम सगळं यायला लागायचं. परीक्षक खूश, कॉलेज खूश. धनलक्ष्मी शाळेत असताना स्वतः अशा सात पाठांना सोंग करून बसली होती. वर्गातल्या बाकीच्या पोरी तेव्हा खिडकीतून बघत असत.

नववी बच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन तास शारीरिक शिक्षण होतं. त्या तासांना गणित चालायचं. दीड महिना ती याच शाळेत शिकवण्याचा सराव करत होती, पण तिच्या हातात दरवेळी संघच दिला गेला. नववी ब मैदानावर पहिल्यांदा आली ती आज.

परीक्षक खुर्चीत बसले. तिनं शिट्टी मारली.

पोरींनी एकाआड एक उलट तोंडं करून बसायचं, तर दोघी समोरासमोर बसून हसत सुटल्या. एकीची ओढणी पायात आली. त्यांच्यातलीच अक्षता धावत आली, बसलेलीच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडली,

“तगो!”

पोरी फिसकन हसल्या.

“अगं, तगो म्हणजे घे. भाजी वाढतीस व्हय?” त्यातली एक म्हणाली.

अक्षताचं तोंड उतरलं. तिच्या घरी कानडी, तशी धनलक्ष्मीच्याही घरी.

“बरोबरच बोलली की ती,” धनलक्ष्मी म्हणाली. “माझं पळणं झालं, आता तू घे. खो म्हणजे दुसरं काय? फक्त शब्द तेवढा खो म्हणायचा.”

पुढच्या वेळी अक्षतानं खो असा दिला, की बसलेली दचकून उठली आणि सुसाट पळाली. थोड्या वेळानं कुणी हसत नव्हतं. सगळ्यांना धाप लागली होती. घंटा झाली तरी एकीही उठली नाही.

परीक्षकांनी कागद पुढं केला. शेरा होता : ‘वर्गाची पूर्वतयारी नाही. विद्यार्थिनींना काहीच येत नाही.’ खाली ‘शेरा मान्य’ छापलेलं, तिथं तिची सही हवी होती.

“कर बाई सही,” मृत्युंजय सर तिच्या कानाशी म्हणाले. “काठावर का होईना, पास करतायत.”

तिनं पेन हातात घेतलं. मैदानावर अक्षता अजून आपल्या चौकोनात पाठ करून बसली होती, कुणीतरी येऊन खो देईल म्हणून.

धनलक्ष्मीनं खिशातला बोळा काढला, मांडीवर सपाट केला. ‘तुम्ही’ खोडलं आणि वर ‘आपण’ लिहिलं. चुरगळलेलं पान तिनं शेऱ्यावर ठेवलं.

परीक्षकांनी ते वाचलं.

“आपण म्हणजे कोण? मी?”

“तुम्ही. आणि मी पण, सर. सात वेळा सोंग केलंय मी, बाकीच्या खिडकीतच राहिल्या.”

मृत्युंजय सर बुटानं जमिनीवरची फक्की पुसायला लागले.

“सही करते,” ती म्हणाली. पेनाचं टोपण तिनं परत लावलं होतं. “आधी एवढं सांगा. ह्यांना सगळं येतच असतं, तर मी शिकवायचं कुणाला?”