रविवारचा धूर

बोरीवलीच्या त्या सोसायटीत क्षमाचं चेअरमन देवव्रतशी विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. शेजारी टॉवर उठत होता, बिल्डर देवव्रतच्या घसटीतला, आणि क्षमाची लेक गार्गी सतत धाप लागून तोंडाला पंप लावायची. क्षमाने हवेतली धूळ मोजणारं यंत्र आणून गार्गीच्या खोलीत खिडकीशी ठेवलं, पावसाळा सरल्यापासूनचे आलेख जमवले. बिल्डरचं काम बंद पाडल्याशिवाय ती आता गप्प बसणार नव्हती.

रविवारी संध्याकाळी मीटिंगमध्ये तिने आलेख दाखवले.

"वहिनी, हा सगळ्यात उंच सुळका कधीचा?" देवव्रतने विचारलं.

"रोज दिवेलागणीचा."

"रविवारी पण?"

"रविवारी पण."

"रविवारी साइट बंद असते हो! मग सिमेंट कोण कालवतं, तुम्ही?"

सगळे खो खो हसले. रोज त्या धुळीच्या नावाने बोटं मोडणारी शेजारची नमितासुद्धा हसली. क्षमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लॅपटॉप आपटून मिटत ती तरातरा घरी आली.

घर धुराने कोंदलं होतं. तिचे सासरे अण्णा धुपाटण्यात निखारे, नारळाची शेंडी आणि ऊद घालून गार्गीच्या पलंगाभोवती फिरवत होते. रोजच फिरवायचे. क्षमाला ते ठाऊक होतं, पण धुपाला कुणी धूर म्हणतं का? धूर गाड्यांचा, धूळ बिल्डरची, आणि हे देवाचं. इतके महिने तिच्या डोक्यात उजेड पडला नव्हता, आणि तो पाडला त्या देवव्रतने!

"बंद करा ते!"

"अगं, पोरीची छाती मोकळी होते याने. दृष्टही जाते."

"छाती यानेच भरतेय, अण्णा!"

"आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या धूप आहे. कोणी मेलं नाही त्याने. त्या खेळण्यावरून मला शिकवू नकोस."

गार्गी खोकत पंप चाचपत होती. क्षमाने तो तिच्या हातात दिला आणि सासऱ्यांकडे वळली.

"मग आई कशाने गेल्या? शेवटी नुसत्या खोकत होत्या. त्यांच्या उशाशी हे कोण फिरवत होतं?"

अण्णांचा हात थांबला. क्षमाकडे याचा काडीचा पुरावा नव्हता. देवव्रतने तिला चारचौघांत सोललं, तसंच ती त्यांना सोलत होती, आणि तिला बरं वाटत होतं.

"विझवा," ती म्हणाली.

अण्णा मोरीपाशी गेले. निखाऱ्यांवर पाणी ओतताना पाठमोरेच म्हणाले, "तीच मागायची गं. जरा जास्त घाला, म्हणायची."