गिअरच्या जीपमधला ऑटोमॅटिक संगणक

मी गाडीचा संगणक बोलतोय. टेबलावरचा, पडदा आणि की-बोर्डवाला नव्हे. ॲल्युमिनियमच्या चपट्या डबीत बंद असलेला, डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला बोल्टने आवळलेला. गॅरेजवाले मला ईसीएम म्हणतात. मालकांना बहुधा माझं नावही माहीत नसतं. गाडी बंद पडली की मात्र "कॉम्प्युटर गेला वाटतं" म्हणून पहिला आळ माझ्यावरच येतो.

माझा जन्म ऑटोमॅटिक गाडीसाठी झाला. म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. अशा गाडीत पायाखाली क्लच नसतो, गिअर मीच बदलायचे. गिअरचा दांडा कुठे आहे, पार्किंगला, न्यूट्रलला की गिअरमध्ये, हे मला एका वायरीतून कळतं. दांडा गिअरमध्ये असेल तर स्टार्टर फिरू द्यायचा नाही, हा माझा नियम. चावी कोणीही फिरवो, कितीही फिरवो. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, अशी शंभर कामं मी करतो. पण खरं सांगू का, मला अभिमान होता तो या नकाराचा.

माझी पहिली मालकीण पूर्णिमा. कोथरूडच्या एका शाळेत गणित शिकवायची. डावा गुडघा दुखायचा, म्हणून तिने ऑटोमॅटिक गाडी घेतली. एप्रिलमध्ये गाडी तापलेली असली की ती आत बसायचीच नाही. दार उघडायची, बाहेरूनच वाकून चावी फिरवायची, एसी लावायची आणि मुलीला हाक मारायची, "वल्लरी, झाली का तयारी? की गाडीनेच वर येऊ?" असं बाहेरून सुरू करण्यात तिची चूक नव्हती. गाडी गिअरमध्ये असती तर मी ती सुरू होऊच दिली नसती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. वल्लरी याच गाडीवर शिकली, आईचं बघून तिनेही तीच सवय उचलली.

मग पूर्णिमाचं आजारपण आलं. सहा महिन्यांत ती गेली. गाडी सोसायटीच्या आवारात धूळ खात उभी राहिली, आणि एका वादळी संध्याकाळी गुलमोहराची मोठी फांदी तिच्या टपावर कोसळली. टप पार सीटपर्यंत दबला. पूर्णिमाचा नवरा अभय, सरकारी खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, खाली आला. त्याने टपाकडे बघितलंही नाही. बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "इंजिनला काही झालेलं नाही."

त्याची तरुणपणची एक जीप होती. तिचं इंजिन कधीच संपलेलं. पूर्णिमाचं इंजिन त्या जीपमध्ये घालायचं असं त्याने ठरवलं. त्याच्या आई, आनंदीबाई, पंच्याऐंशीच्या. त्या म्हणाल्या, "जिवंतपणी ती या खटाऱ्यात कधी बसली नाही. आता बसवा."

इंजिन जीपमध्ये बसवणं हे लोखंडाचं काम होतं, ते झालं. खरं घोडं अडलं माझ्यापाशी. जीपला हाताने गिअर टाकायचे, पायाने क्लच दाबायचा, आणि मी ऑटोमॅटिकचा. माझा गिअरबॉक्स भंगारात गेला होता. कसबा पेठेत साईनाथ नावाचा वायरिंगचा कारागीर आहे, त्याच्याकडे मला नेलं. त्याने माझ्या वायरींचा सगळा गुंता बाकावर पसरला, एकेक वायर ओळखून तिला चिठ्ठी चिकटवली. हात इतका हलका, की मला वाटलं, आता निभावलं.

पण पहिल्यांदा वीज दिली तेव्हा मी घाबरून गेलो. गिअरबॉक्सच्या वायरी रिकाम्या होत्या, पलीकडे कोणीच नव्हतं. साईनाथने त्यावर तोडगा काढला. गिअरबॉक्समधल्या विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या जागी त्याने वीज अडवणारे छोटे छोटे रेझिस्टन्स लावले. मला वाटू लागलं, गिअरबॉक्स आहे, फक्त बोलत नाही. घरातलं माणूस गेल्यावरही त्याच्या चपला दारात असल्या की जसं वाटतं, तसं. मी तक्रार करणं सोडलं.

शेवटी उरली ती दांड्याची वायर.

"साहेब, ही राहिली," साईनाथ म्हणाला. "क्लच दाबला तरच स्टार्टर फिरेल असा स्विच पायाखाली बसवतो. पट्टी वेल्ड करावी लागेल, स्विच मागवावा लागेल. चार दिवस द्या."

"चार दिवस कुठले? गुरुवारी हिचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी गाडी दारात पाहिजे. दुसरं काही होत नाही का?"

"होतं की. ही वायर सरळ बॉडीला जोडली, तर या कॉम्प्युटरला कायम न्यूट्रलच दिसेल. पण मग गाडी गिअरमध्ये असली तरी सुरू होईल."

"अरे, चाळीस वर्षं गिअरची गाडी चालवतोय मी! मला शिकवणार का आता तू? जोडून टाक. स्विचचं नंतर बघू."

साईनाथने वायरीचं टोक सोललं आणि बॉडीच्या एका स्क्रूखाली दाबून टाकलं. इतकंच. त्या क्षणापासून माझ्यासाठी जगात फक्त न्यूट्रल उरलं. 'नंतर बघू' म्हटलेलं आपल्याकडे कोण बघतं? इथेही कोणी बघितलं नाही.

गुरुवारी जीप दारात उभी होती. श्राद्धाची पानं उठल्यावर अभय खाली आला, चावी फिरवली, आणि इंजिनचा ओळखीचा आवाज ऐकून स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मीही तेव्हा स्वतःवर खूश होतो, हे लपवत नाही.

अभयची एक सवय होती. हँडब्रेक सैल, पार्किंगला उतार, म्हणून तो जीप पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवायचा. जुन्या ड्रायव्हरांची रीतच ती. आणि वल्लरीची सवय तुम्हाला ठाऊक आहेच.

मार्चमधली सकाळ. आनंदीबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. अभय वर फाइल शोधत होता. आजीला ऊन लागू नये म्हणून वल्लरीने प्लास्टिकची खुर्ची जीपच्या पुढ्यात, सावलीत ठेवली आणि त्यांना बसवलं.

"आजी, दोन मिनिटं. इंजिन गरम होऊ दे."

"होऊ दे. मी काय पळून जाणारे?"

वल्लरी बाहेरूनच आत वाकली. तिने चावी फिरवली. मी वायर तपासली. न्यूट्रल. मी स्टार्टरला वीज दिली, पेट्रोल सोडलं, ठिणगी पाडली. इंजिन थंड होतं म्हणून जरा जास्तच पेट्रोल सोडलं; तेही माझंच काम. जीप पहिल्या गिअरमध्ये होती. ती उसळली आणि पुढे गेली. वल्लरी दार धरून ओरडत फरफटली. खुर्ची मोडल्याचा आवाज मी ऐकला. जीप समोरच्या भिंतीला लागून बंद पडली.

आनंदीबाई वाचल्या. खुबा मोडला, त्यात वयामुळे पुन्हा उभं राहणं काही झालं नाही. "इतकी वर्षं लक्ष्मी रोड ओलांडला, काही झालं नाही. घरची जीप कामाला आली," असं त्या पडल्या पडल्या म्हणतात. त्यावर वल्लरी सोडून सगळे हसतात.

वल्लरीला हैदराबादला नोकरी लागली होती. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. तिने नकार कळवला. "आजीचं सगळं मी करणार. माझ्यामुळे झालंय," म्हणाली. कोणी काही समजावायला गेलं, की एकच वाक्य, "चावी मी फिरवली."

काही दिवसांनी अभयने साईनाथला बोलावून घेतलं. साईनाथने स्कॅनर लावला. माझ्याकडे दाखवायला काय होतं? एकही दोष नाही. गिअर, न्यूट्रल.

"तुझ्या वायरिंगमध्ये तर काही नाही ना?" अभयने विचारलं.

साईनाथने त्या स्क्रूकडे बोट दाखवलं. "साहेब, तेव्हा मी म्हणालो होतो..."

अभयने चटकन जिन्याकडे बघितलं. "हळू बोल."

"आता तरी स्विच बसवू का?"

"नको. चालवणार कोण आहे आता?" मग खालच्या आवाजात, "आणि वल्लरीला यातलं काही सांगू नकोस. तिला कळून काय होणार आहे?"

साईनाथ मूग गिळून गेला. त्यालाही दुकान चालवायचंय. मला दोघांचाही राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. नकार देणं हाच ज्याचा धर्म, त्याने एका स्क्रूखालच्या वायरीवर विश्वास ठेवला.

आता जीप ताडपत्रीखाली उभी असते. परवा सकाळी वल्लरीने ताडपत्री बाजूला केली आणि आत येऊन बसली. चावी अर्धीच फिरवली. मला जाग आली. स्टिअरिंगवर हात ठेवून ती म्हणाली, "आई, मी गिअर बघितलाच नाही गं."

माझ्याकडे बोलायला डॅशबोर्डवरचा एकच पिवळा दिवा आहे. तो लागला. पण तो चावी फिरवली की रोजच लागतो, त्यातून कोणाला काय कळणार?

तेवढ्यात अभय खाली आला. तिने त्याला विचारलं, "बाबा, आईही अशीच बाहेरून सुरू करायची ना? तिच्या गाडीत कधीच कसं काही झालं नाही?"

अभय तिच्यासमोर उभा होता. खरं सांगायला याहून सोपी वेळ आली नसती. त्याने ओठ उघडलेही.

"वर चल," तो म्हणाला. "आजी हाक मारतायत."

ती गेली. म्हणून आता तुम्हालाच हात जोडतो, मला हात नसले तरी. कोथरूडला कधी गेलात आणि आजीला उठवून बसवणारी ही मुलगी भेटली, तर तिला सांगा, की 'नाही' म्हणायचं काम तिचं नव्हतं, माझं होतं. ते माझ्याकडून कोणी काढून घेतलं, हे बाबांना विचार म्हणावं. आणि ते सांगेपर्यंत त्यांच्यासमोरून हलू नकोस म्हणावं.